भरतीच्या वेळी चाणक्यला

नवी मुंबईत पक्षी बघायला निघताना मी घड्याळाआधी तिथी बघते. करावे गावातल्या एका कोळीकाकांनी मला हे गणित शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. वेळापत्रक मोबाइलवर मिळतं, तरी मी आधी तोंडी हिशोब मांडते. पितृपंधरवड्यातल्या त्रयोदशीला तो पावणेदहाचा निघाला. अमावास्या दोन दिवसांवर, म्हणजे पाण्याला उधाण येणार हे नक्की. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढत नाही, चिखलाचा बराच भाग उघडा राहतो आणि पक्षी खाडीतच थांबतात. मला उधाणच हवं होतं.

सातच्या सुमारास नेरूळला टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या बांधावर पोचले. पाऊस ओसरलेला, पण हवेत ओल होती आणि ऊन आत्ताच चटके देत होतं. पाणथळीत नेहमीचे शेकाटे लांब लाल पायांवर उभे होते. तिवराच्या फांदीवर खंड्या बसला होता आणि बांधाच्या कडेने नुकताच आलेला एक करडा धोबी शेपटी हलवत फिरत होता. बाकी सगळं रिकामं. या वेळी हे असंच असायचं. ओहोटीला ठाणे खाडीचा चिखल उघडा पडतो. त्यातले किडे, अळ्या, बारीक शिंपल्या, खेकड्यांची पिल्लं हीच या पक्ष्यांची न्याहारी, आणि ती सोडून ते इकडे कशाला येतील?

आठनंतर चढतं पाणी उरलेला चिखल झाकू लागलं. निवट्या चिखलावरून उड्या मारत मागे सरकल्या. खाडीकडून पहिला थवा आला तो गॉडविटांचा. वळण घेताना पंखांवरचे पांढरे पट्टे एकदम चमकले आणि सगळे एका फटक्यात उथळ पाण्यात उतरले. त्यांच्यामागून लिटल स्टिंट, सँड प्लव्हर, टिलवे. तासाभरात उभं राहायला जागा उरली नाही. खाडी भरली की पाणी थेट तिवरांना भिडतं. दोन बोटं लांब पायांच्या पक्ष्याला तिथे पाय टेकता येत नाही आणि दाट झाडीत तो बसत नाही. ससाणा आला तर दुरून दिसेल अशी मोकळी, उथळ जागाच त्याला लागते. म्हणून चाणक्य, एनआरआय वसाहतीजवळची पाणथळ, डीपीएस शाळेजवळचं तळं या जागा म्हणजे खाडीचाच दुसरा अर्धा भाग आहेत असं मी मानते. खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ही तळी मात्र अभयारण्याच्या रेषेबाहेर राहिली. भरतीचे तास काढायला जागाच नसेल तर ओहोटीचा चिखल कितीही राखला तरी पक्षी टिकणार कसे, याची मला खरोखर काळजी वाटते.

लोक फ्लेमिंगोंसाठी हिवाळ्याची वाट बघतात. मला भाद्रपद-आश्विन जास्त आवडतो, कारण आलेल्या पक्ष्यांच्या अंगावर अजून उन्हाळा असतो. त्या दिवशी दुर्बीण बाकचोच तुतारीवर, म्हणजे कर्लू सँडपायपरवर स्थिरावली. विणीच्या काळात हा पक्षी विटकरी लाल असतो. समोरच्याचं पोट निम्मं पांढरं झालेलं, त्यात लाल ठिगळं उरलेली, पाठीवर जुनी झिजलेली पिसं आणि नवी राखाडी पिसं शेजारी शेजारी. सैबेरियाच्या आर्क्टिक प्रदेशातून, तुंद्रातून आलेला प्रौढ पक्षी. त्याच्या बाजूला दुसरा, नीटनेटका. पाठीच्या प्रत्येक पिसाला फिकट कडा, त्यामुळे पाठ खवल्यांची दिसत होती, आणि छातीवर हलकी बदामी झाक. ते याच वर्षी जन्मलेलं पिल्लू होतं.

पाणी अगदी वर आलं तेव्हा कॅमेरा घेतलेला एक कॉलेजचा मुलगा बांधावरून खाली उतरू लागला. मी त्याला हाक मारली, "अरे, थांब. आत्ता उडवलेस तर ते जाणार कुठे? हजारो मैल उडून आलेत, अंगात चरबी उरलेली नाही." तो ओशाळून परत आला. मी दुर्बीण त्याच्या हातात दिली आणि ते पिल्लू दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाला, "ताई, याचे आईबाप कोणते यातले?"

सांगितलं, बहुधा यातले कोणीच नाहीत. या जातीत नर अंडी उबवायला थांबतच नाही, जोडी जमली की आधी निघतो. पिल्लं मोठी होताच मादीही निघते. पिल्लं काही आठवडे मागे राहून खातात, पंख मजबूत करतात आणि मग वाट माहीत असलेल्या मोठ्यांशिवायच दक्षिणेकडे सुटतात. कुठल्या दिशेला आणि किती उडायचं हे उपजतच त्यांच्यात असतं.

"म्हणजे याने नेरूळ आधी कधी पाहिलंच नव्हतं?"

"नाही."

त्याने कॅमेरा पिशवीत ठेवला आणि पाणी उतरेपर्यंत माझ्या शेजारी बसून राहिला. मध्येमध्ये दुर्बीण मागून घेत होता.