पराभूतांच्या वस्तू

गेल्या पावसाळ्यात पनवेलच्या आमच्या घरी दर रविवारी दुपारी मुलगा आणि त्याचे चार मित्र जेवणाच्या टेबलाभोवती ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळत बसत. एकाने सूत्रधार होऊन कथा सांगायची, इतरांनी तीतील पात्रे व्हायचे, आपण काय करणार ते बोलून दाखवायचे आणि ते साधले की फसले याचा निवाडा फाशांवर सोपवायचा, असे या खेळाचे स्वरूप आहे. आतल्या खोलीत उत्तरपत्रिका तपासता तपासता मी तो ऐकत असे. कथनमीमांसा शिकवणाऱ्या व्यक्तीला त्यात रस वाटावा हे स्वाभाविकच होते. परंतु माझे लक्ष लढाईपेक्षा तिच्यानंतरच्या संभाषणाकडे अधिक जाई. राक्षस पडला रे पडला की कोणीतरी विचारी, “त्याच्याजवळ काय काय होतं?” मग यादी होई. प्रत्येक वस्तूचे वजन, तिची किंमत, ती कोणी वाहायची, कोणत्या गावी विकायची. लढाईला दहा मिनिटे लागली असतील, तर वाटणीला अर्धा तास लागे.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी हा खेळ सिद्ध केला, तेव्हाच्या नियमांनुसार मिळवलेल्या एका सुवर्णनाण्यामागे पात्राच्या खाती अनुभवाचा एक गुण जमा होत असे. म्हणजे लूट हीच अनुभवाचे माप होती. पुढे हा नियम मागे पडला. २०१४ च्या आवृत्तीत तर असे सांगितले आहे, की सुस्थितीतील शस्त्रसामग्री बाजारात निम्म्या किमतीला जाते, मात्र राक्षसांनी वापरलेली शस्त्रे व चिलखते सहसा विकण्याजोगी नसतात. हा नियम हिशेबाच्या सोयीसाठी केलेला असावा. तरीही त्यात एक अर्थ नकळत येऊन बसला आहे : पराभूताने वापरलेली वस्तू ही तिच्या वापरामुळेच निरुपयोगी ठरते.

एका रविवारी राक्षसाच्या गुहेत एक नाजूक अंगठी सापडली. मुलांपैकी एकजण म्हणाला, “ही त्याच्या बोटात जाणारच नाही. मग ही कोणाची?” सूत्रधार क्षणभर गोंधळला, त्याने तेवढा विचार केलेला नव्हता. शेवटी अंगठी विकली गेली. तो प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला.

व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ साली रशियन अद्भुतकथांची एकतीस कार्ये निश्चित केली. त्यांतील अठरावे कार्य विजयाचे आणि एकोणिसावे उणीव भरून निघण्याचे आहे. ही उणीव नायकाच्या बाजूची. जे हरवले होते ते परत मिळते. खलनायकाच्या मागे उरलेल्या वस्तूंचे काय होते, यासाठी प्रॉप यांच्या मांडणीत स्वतंत्र कार्य नाही. आपल्या पुराणांना मात्र हा प्रश्न चांगलाच ठाऊक होता, आणि त्यांनी त्याला एकच एक उत्तर दिलेले नाही.

भागवताच्या दशमस्कंधात नरकासुराच्या वधानंतर श्रीकृष्ण त्याने हिरावलेली कुंडले स्वर्गात जाऊन अदितीला परत करतो. त्याच नगरीतले हत्ती, रथ आणि खजिना मात्र द्वारकेकडे रवाना होतो. ज्याचा धनी ठाऊक आहे ते परत करावे आणि उरलेले आपले मानावे, असा हा व्यवहार आहे. विराटपर्वात उत्तरा आपल्या बाहुल्यांसाठी कौरवांची वस्त्रे मागते. अर्जुन कौरवसेनेला मोहनिद्रा आणतो आणि द्रोणकृपांची शुभ्र, कर्णाची पिवळी, दुर्योधन व अश्वत्थामा यांची निळी वस्त्रे उत्तराकडून उतरवून घेतो. महारथींची वस्त्रे खेळण्यातल्या बाहुल्यांना! विजयाचा एवढा निरागस आणि एवढा अपमानकारक उपयोग दुसरा क्वचितच सापडेल.

जेजुरीची कथा याहून गुंतागुंतीची आहे. शरण आलेल्या मणीने आपला पांढरा घोडा खंडोबाला दिला, असे परंपरा सांगते. मणीला देवळात पूजेचे स्थान मिळाले, मल्लाचे मस्तक पायरीशी गेले. ज्या घोड्यावाचून खंडोबाची मूर्ती आपल्या डोळ्यांसमोर येत नाही, तो मुळात एका दैत्याचा आहे. आणि नाव? मल्लाचा अरी तो मल्हारी. मुरारी, मधुसूदन, महिषासुरमर्दिनी ही नावेही अशीच घडलेली आहेत. पराभूताकडून घेतलेली सर्वांत टिकाऊ वस्तू म्हणजे त्याचे नाव. ते विजेत्याच्या नावात कायमचे वसतीला येते.

इतिहासाने या प्रश्नाचे हिशेबी उत्तर शोधले. कृष्णाजी अनंत सभासदाच्या १६९७ च्या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराचा शिरस्ता दिला आहे : मोहिमेवर निघताना प्रत्येकाच्या चीजवस्तूंची नोंद व्हायची, परतताना झडती व्हायची, अधिक निघाले त्याची किंमत करून ती पगारात वळती व्हायची. लूट शिपायाची नव्हे, राज्याची, हे तत्त्व यात आहे. पण मूळ धन्याच्या नावाचा रकाना त्या नोंदीतही नाही.

आमच्याच जिल्ह्यात पालीच्या बल्लाळेश्वराच्या देवळात एक युरोपीय घडणीची घंटा आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगिजांच्या चर्चमधील घंटा ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या, त्यांपैकी ती एक. वाईजवळ मेणवलीच्या घंटेवर तर १७०७ हे साल आणि मेरी व बाळ येशू यांची आकृती अजून स्पष्ट आहे. आकृती कोणी घासून काढली नाही, हे मला लहानपणापासून औदार्याचे लक्षण वाटत आले. आज वाटते, तिच्यामुळेच ती घंटा विजयाची खूण ठरते. आकृती पुसली असती तर ती नुसती घंटा झाली असती.

हे सारे लिहिण्याचे खरे निमित्त आमच्या स्वयंपाकघरात आहे. माझ्या आजेसासऱ्यांनी कुठल्याशा जप्तीच्या लिलावात घेतलेला एक तांब्याचा हंडा घरात आहे. त्याच्या काठाखाली एका बाईचे नाव कोरलेले आहे, पुढे गाव. ती बाई आमच्या नात्यातली नाही. भांड्यावर नाव घालण्याची आपली रीत असल्यामुळे मी सून म्हणून आले तेव्हा माझ्या भांड्यांवरही माझे माहेरचे नाव होते. तीही या घरात त्या हंड्याशेजारी लागली. हंडा मात्र नेहमी नाव भिंतीकडे करून ठेवलेला असे. कोणी तसे करायला सांगितले नव्हते. ते घराच्या हाताला जडलेले वळण होते. लिलाव कायदेशीर होता, पैसे रोख मोजले होते. कोणावर वार झाला नव्हता. तरीही कोणीतरी हरले होते, त्यावाचून बाईच्या नावाचा हंडा चव्हाट्यावर येत नाही.

मुलांच्या खेळातल्या त्या यादीत वजन होते, किंमत होती, वाहणाऱ्याचे नाव होते. ‘पूर्वी कोणाची’ हा रकाना नव्हता. आणि तो नसेल तरच वाटणी सुरळीत होते. कथा वाचताना विजयाचे स्वरूप ठरवायचे तर लढाईच्या वर्णनापेक्षा या रकान्याकडे पाहावे, असे मला आता वाटू लागले आहे. परत केले, मिरवले, खेळायला दिले, मोडीत काढले की भिंतीकडे वळवून ठेवले, यावरून विजेता स्वतःला काय समजतो ते कळते.

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी भांडी घासायला काढली. चिंच लावून दर वर्षी घासल्याने ती अक्षरे आता उथळ झाली आहेत. गावाचे नाव तर बोटानेच लागते. त्या बाजूला मी चिंच लावली नाही, आणि हंडा मांडताना नाव दर्शनी बाजूला येईल असा ठेवला. सासूबाईंनी तो पाहिला. काही बोलल्या नाहीत. पहाटे अभ्यंगाचे पाणी काढायला गेले, तेव्हा हंडा पुन्हा भिंतीकडे वळलेला होता.