शपथेआधीची दुरुस्ती

बारामतीच्या मार्केट यार्डात भुसार मालाचा व्यापार करणाऱ्या अण्णांच्या तिजोरीत दुकानाच्या वह्यांशेजारी एकोणीस वर्षे एक हिरवी फाईल होती. न्यू जर्सीत राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीने, आक्कांनी, 2005 च्या डिसेंबरात भावासाठी अमेरिकन सरकारकडे अर्ज केला, त्याची पोच त्या फाईलीत पहिल्या क्रमांकाला लावलेली होती. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला वह्यांबरोबर फाईलही बाहेर निघे. तिच्यावरही हळदकुंकू पडे आणि ती पुन्हा आत जाई.

आक्का 1988 साली लग्न होऊन गेल्या. त्या वेळी अमेरिकन वकिलात ब्रीच कँडीला, वांकानेरच्या महाराजांच्या जुन्या वाड्यात, लिंकन हाऊसमध्ये होती. बहिणीला सोडायला गेलेल्या अण्णांनी त्या वास्तूच्या फाटकाबाहेर उन्हात चार तास काढले होते. 2011 मध्ये वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात गेली, आक्कांचे यजमान निवर्तले, त्यांचा मुलगा नोकरीसाठी दूरच्या राज्यात स्थिरावला, तरी अण्णांची पाळी आली नव्हती. त्याचे कारण कायद्याच्या गणितात आहे. अमेरिकन नागरिकांच्या भावंडांसाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला साधारण 65,000 व्हिसा ठेवलेले असतात, आणि कोणत्याही एका देशाला एकूण व्हिसांपैकी सात टक्क्यांहून अधिक वाटा सामान्यतः मिळत नाही. भारतासारख्या मोठ्या देशातील रांग त्यामुळे वर्षांनी नव्हे, तर पिढीने मोजावी लागते.

रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे आयुष्य मात्र थांबत नाही. अर्ज झाला तेव्हा अण्णांचा मुलगा साडेपाच वर्षांचा होता. तो एकवीस वर्षांचा झाला, तेव्हा घरात सर्वांनी धरून चालले की आता तो या अर्जातून गळाला, कारण आईवडिलांबरोबर जाणारे अपत्य एकवीस वर्षांखालील आणि अविवाहित असावे लागते. मग त्याने दुकान हाती घेतले, आणि 2024 च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या एका व्यापारी घरातील मुलीशी त्याचे लग्न झाले. मुलगी एम.कॉम. झालेली, अक्षर मोत्यासारखे. सहा महिन्यांत तिने दुकानाच्या जीएसटीचे काम बाहेरच्या माणसाकडून काढून स्वतःकडे घेतले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पाळी आल्याचे कळले. अण्णांनी मुंबईतील एका सल्लागाराला गाठले. सल्लागाराने कागद पाहिले आणि बोटांवर हिशेब केला. अमेरिकेत 2002 साली झालेल्या एका कायद्यानुसार, अर्ज मंजुरीसाठी जितका काळ पडून राहिला, तितका काळ अपत्याच्या वयातून वजा होतो. मुलाचे वय चोवीस वर्षे तीन महिने. अर्ज मंजूर होण्यास लागलेला काळ चार वर्षे सात महिने. कायद्याच्या दृष्टीने मुलगा एकोणीस वर्षे आठ महिन्यांचा होता. म्हणजे तो गळालाच नव्हता. अडचण एकच होती, ती म्हणजे त्याचे लग्न.

“लग्नाची नोंदणी केली आहे का?” सल्लागाराने विचारले. नोंदणी राहून गेली होती. “मग काय अडले? कागद नाही म्हणजे लग्न नाही. मुलाला अविवाहित लिहू. तिकडे गेल्यावर रीतसर लग्न दाखवा, दोन-तीन वर्षांत सूनबाईही येतील. पुष्कळ लोक असेच करतात, अण्णा.”

वास्तविक हे म्हणणे आपल्याच कायद्यात बसत नाही. 1955 चा हिंदू विवाह कायदा जैनांनाही लागू आहे, आणि त्यानुसार रूढीप्रमाणे विधी पार पडले की विवाह पूर्ण होतो. नोंदणी न केल्याने तो अवैध ठरत नाही. अण्णांना कलमे ठाऊक नव्हती, परंतु मंडपात सातशे पाने उठली होती हे ठाऊक होते. तरीही ते काही बोलले नाहीत. एकुलता मुलगा बरोबर येतो आहे, आक्कांचे एकाकीपण संपते आहे, एवढेच त्यांना त्या क्षणी दिसले. त्यांनी मान हलवली आणि अर्ज भरला गेला.

सूनबाईला काकूंनी स्वयंपाकघरात समजावून सांगितले. ती ऐकून घेऊन इतकेच म्हणाली, “बरं.” पुढच्या सहा महिन्यांत त्या फाईलीचे सारे काम तिनेच केले. जन्माचे दाखले, पोलिसांचा चारित्र्य दाखला, प्रत्येकी 325 डॉलर शुल्काच्या पावत्या, आक्कांचे उत्पन्नाचे कागद आणि भावाच्या कुटुंबाचा आर्थिक भार उचलण्याचे त्यांचे हमीपत्र, तिघांच्या वैद्यकीय तपासणीच्या नोंदी, हे सारे तिने क्रमाने लावले, प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवली आणि वर तेवीस कलमांची यादी जोडली.

मुलाखत 2025 च्या फेब्रुवारी अखेरीस ठरली. आदल्या दिवशी तिघे घाटकोपरला काकूंच्या भावाकडे उतरले. सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकली. सामायिकानंतर काकू यादीवरून कागद पडताळू लागल्या आणि अण्णा शेजारी बसले. सतरावे कलम होते अण्णा-काकूंच्या विवाहाच्या दाखल्याचे. त्याखाली सूनबाईने आणखी एक ओळ लिहिली होती आणि पट्टी लावून सरळ रेघेने खोडली होती. रेघेखालची अक्षरे स्पष्ट वाचता येत होती: ‘आमच्या लग्नाचे’. पुढे काहीच नव्हते.

अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले. मग त्यांनी बारामतीला फोन लावला.

“सतराव्या ओळीखाली काहीतरी खोडलंयस, ते काय आहे?”

पलीकडे क्षणभर शांतता होती. “चुकून लिहिलं, अण्णा. हाताच्या ओघात. मग ध्यानात आलं की मी त्या फाईलीत नाही.”

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. ती असती, तर अण्णांना समजूत घालता आली असती. त्यांनी “बरं, झोप आता” म्हटले आणि फोन ठेवला.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. चातुर्मासातील प्रवचनांत श्रावकाच्या व्रतांचे अतिचार त्यांनी अनेकदा ऐकले होते. सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत एक आहे कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे. आजवर तो शब्द ऐकताना त्यांना दोन नंबरच्या वह्या ठेवणारे इतर व्यापारी आठवत. स्वतःच्या घरातला लेख त्यांना प्रथमच दिसत होता. आणि तो एका लेखावर थांबणारा नव्हता. पुढे सूनबाईसाठी अर्ज करताना लग्नाची तारीख खोटी लिहावी लागणार, ती पटविण्यासाठी पुन्हा एक लग्न मांडावे लागणार, मुलगा नागरिकत्वाची शपथ घेईल तेव्हाही हेच पुन्हा सांगावे लागणार. पहाटे त्यांनी काकूंना हलविले. त्याही जाग्याच होत्या.

“मी उद्या खरं सांगणार,” अण्णा म्हणाले.

“मला वाटलंच,” काकू म्हणाल्या. “पण मुलाला आधी सांगा. खिडकीपाशी नको.”

टॅक्सीत अण्णांनी मुलाला सांगितले. तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. “आत्याला काय सांगायचं?” एवढेच त्याने विचारले. त्याचे उत्तर अण्णांकडे नव्हते. थोड्या वेळाने तोच म्हणाला, “ती रोज डबा देते तेव्हा माझ्याकडे बघत नाही, सप्टेंबरपासून.”

वकिलातीत मोबाईल नेता येत नाही, म्हणून तिघांचे फोन घाटकोपरलाच ठेवले होते. सल्लागाराला विचारण्याचा, आक्कांना कळविण्याचा मार्गही त्यामुळे उरला नव्हता. सुरक्षा तपासणी झाली, बोटांचे ठसे घेतले गेले. पहिल्या खिडकीवर एका कर्मचारी महिलेने मूळ कागद मागितले. सूनबाईच्या यादीमुळे एकही कागद शोधावा लागला नाही. “फाईल कुणी लावली?” त्या सहज कौतुकाने बोलून गेल्या. मुलाने वडिलांकडे पाहिले. कोणीच उत्तर दिले नाही.

तासाभराने मुख्य खिडकीवर बोलावणे आले. काचेपलीकडे तरुण अमेरिकन अधिकारी होता आणि शेजारी मराठी जाणणारी दुभाषी. उजवा हात वर करून शपथ घ्यायची होती की अर्जात लिहिलेले आणि आता सांगणार ते सर्व सत्य आहे. काकूंचा हात वर गेला, मुलाचा गेला. अण्णांनी हात वर केला नाही.

“शपथेआधी एक दुरुस्ती करायची आहे,” ते म्हणाले. “अर्जात माझ्या मुलाला अविवाहित लिहिले आहे. ते खोटे आहे. त्याचे लग्न एक वर्षापूर्वी झाले.”

दुभाषीने वाक्य सांगितले. अधिकाऱ्याने पडद्यावरून नजर काढली. त्याने विचारले, “हा अर्ज तुम्ही भरला की दुसऱ्या कुणी?”

सुटकेची एक वाट त्या प्रश्नातच होती. सल्लागाराने न विचारता भरला, इंग्रजी समजले नाही, असे म्हटले असते तर ते सहज खपले असते. अण्णा म्हणाले, “भरला दुसऱ्याने. पण मला विचारून भरला. मी हो म्हटले होते.”

मग अधिकाऱ्याने मुलाला विचारले. त्याने लग्नाची तारीख सांगितली, गाव सांगितले आणि पत्नीचे पूर्ण नाव सांगितले. अधिकाऱ्याने ते नाव अक्षराअक्षराने विचारून टंकित केले. त्यानंतर शपथ झाली. पुढचे प्रश्न थोडे होते: बहिणीबरोबरचे लहानपण कोठे गेले, आईवडिलांची नावे काय, तेथे जाऊन कोठे राहणार. शेवटी अधिक तपासणीसाठी प्रकरण ठेवल्याची, कलम 221(जी) ची चिठ्ठी हाती आली. मुलाखत संपली.

व्हिसासाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्यास अमेरिकेचा कायदा आयुष्यभरासाठी दार बंद करू शकतो. मात्र कोणी पकडण्याआधी, स्वेच्छेने आणि वेळेवर केलेली दुरुस्ती तेथे मानली जाते. पाच आठवड्यांनी निकाल आला. अण्णा आणि काकूंच्या पारपत्रांवर व्हिसा होता. मुलगा विवाहित असल्याने अपात्र ठरला, परंतु त्याच्यावर खोटेपणाचा ठपका ठेवला गेला नाही. त्याचे भरलेले शुल्क बुडाले, आणि त्याहून मोठा तोटा पुढचा. ग्रीन कार्डधारकाला विवाहित मुलासाठी अर्जच करता येत नाही. त्यासाठी आधी नागरिक व्हावे लागते, आणि मग पुन्हा अनेक वर्षांची रांग.

आक्का दोन दिवस फोनवर आल्या नाहीत. अण्णांच्या बाजूने हे दोन दिवस सर्वांत जड गेले. एकोणीस वर्षे बहिणीने पत्ता बदलला की कळविले, शुल्क भरले, आपल्या उत्पन्नाचे कागद दिले, यजमानांच्या पश्चात रिकाम्या झालेल्या घरातील वरची खोली भाच्यासाठी रंगवून ठेवली. सत्य अण्णांनी सांगितले, परंतु त्याच्या किमतीतला एक हिस्सा आक्कांना न विचारता त्यांच्या नावे पडला होता. तिसऱ्या दिवशी फोन आला.

“मला आधी सांगितलं असतंस, तर मी अडवलं असतं,” आक्का म्हणाल्या.

“म्हणून सांगितलं नाही. चुकलंच माझं.”

“अडवलं असतं, आणि मग वर्षभर तुझ्याशी नीट बोलता आलं नसतं मला.” थोडे थांबून त्या म्हणाल्या, “खोलीत मुलाचा पलंग आहे. तुम्हा दोघांना लहान पडेल. बदलून घेते.”

चातुर्मासापूर्वी निघायचे ठरले. दुकानाची जबाबदारी मुलावर आली, ती तशी आधीपासूनच होती. अण्णांनी मात्र जाण्यापूर्वी एक काम स्वतः उभे राहून करविले. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा 1998 चा कायदा आहे. त्यानुसार नगर परिषदेत अर्ज दिला, साक्षीदार म्हणून स्वतःची आणि व्याह्यांची सही केली, आणि दाखला हाती येताच तो सुनेकडे दिला.

“फाईलीत लाव,” ते म्हणाले.

“पण आता त्या फाईलीचं काम संपलं ना, अण्णा?”

“संपलं असेल. तरी लाव.”

व्यापाऱ्याच्या वहीत चुकलेली नोंद खरवडून काढत नाहीत. तिच्यासमोर उलट नोंद घालतात, म्हणजे चूकही दिसते आणि दुरुस्तीही. सूनबाईने खोडलेली ओळ तशीच राहू दिली. तेविसाव्या कलमाखाली तिने चोविसावा आकडा घातला, ओळ पुन्हा लिहिली, आणि या वेळी ती पूर्ण केली.