भिवंडीच्या पाट्या

ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून जुन्या आग्रा रस्त्यानें भिवंडीस जाऊं लागलें म्हणजे काल्हेर, राहनाळ हीं गांवें मागें पडेपर्यंत गोदामांच्या रांगा दिसत राहतात. शहरांत शिरतांच यंत्रमागांचा खडखडाट कानीं येतो. कामवारी नदीच्या कांठचें हें गांव कापडासाठीं प्रसिद्ध. विणलेला माल वाहून नेणाऱ्या टेम्पो-मोटारींचा व्यापार येथें त्याच्या ओघानेंच आला. रस्त्याच्या कडेला विक्रीस उभ्या केलेल्या जुन्या गाड्या व त्यांच्या काचांवरील जाहिराती हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

त्या जाहिराती वाचून सुशिक्षित प्रवाशाच्या कपाळास आठी पडल्यावांचून राहत नाहीं. 'गाडी विकने आहे', 'मुळ मालक', 'चालु स्थीती', 'सोपे हफ्ते' हे तर नित्याचे नमुने. 'जुनी गाड्या घेतले व विकले जाईल' अशा वाक्यांत लिंग, वचन व क्रियापद ह्यांनीं एकमेकांशीं जणूं अबोलाच धरलेला असतो.

असल्या चुकांनीं बिघडतें काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर सुताच्या ह्या पेठेंतच आहे. दीर्घ ऊकाराचें 'सूत' म्हणजे धागा. ऱ्हस्व उकाराचा 'सुत' म्हणजे पुत्र. 'येथे सुत मिळेल' ह्या पाटीचा अर्थ लावूं गेल्यास दुकानदारासच लाज वाटावी! गंमत अशी कीं, 'सुताचा भाव' हें मात्र शुद्ध. कारण प्रत्यय लागला कीं ह्या शब्दांतील दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो. गाडीच्या बाबतींत तर प्रश्न रोख पैशांचा होतो. नुसतें 'विमा बाकी' लिहिलें असेल, तर विम्याची मुदत बाकी कीं विमा उतरविणें बाकी? 'कर्ज नाही विमा बाकी' ह्यांत स्वल्पविराम कोठें समजावा? शहाण्यानें अशा वेळीं काच सोडून नोंदणीपत्रक वाचावें. गाडी कर्जापोटीं तारण असल्यास तशी नोंद, व आजचा मालक कितवा हें, त्यावर असतें.

तथापि चुकणारा हात कोणाचा, हें पाहिलें म्हणजे राग पुष्कळ निवळतो. भिवंडींत कोंकणी मुसलमान, आगरी, उत्तरेकडून आलेले विणकर, तेलुगू बोलणारे पद्मशाली अशी नाना भाषांची वस्ती आहे. हिंदींत नपुंसकलिंग नाहीं. पूर्वेकडील बोलींत 'ण' चा 'न' होतो. उर्दू लिपींत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहींत. ज्याची जीभ व लेखणी ह्या वळणावर घडली, त्यानें मराठीचीं तीन लिंगें सांभाळावयाचीं, हें काम सोपें नव्हे.

आणि आपण तरी शुद्धतेचा गर्व किती वाहावा? आपल्या पूर्वजांच्या मोडी लिपींत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नसे. ह्याच तालुक्यांत लोनाडजवळ चौधरपाडा येथें शिलाहार राजा केशिदेवाचा शके ११६१ चा शिलालेख सांपडला आहे. राजांच्या असल्या प्राचीन लेखांतही लेखनिकांच्या व पाथरवटांच्या चुका राहतात, आणि संपादकांस शुद्ध पाठ तळटीपेंत द्यावा लागतो. पुढें १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम शासनानें मान्य केले व अनुच्चारित अनुस्वार गेले. प्रस्तुत लेखाचें जुनें वळण आजच्या विद्यार्थ्याच्या वहींत उमटलें, तर गुरुजी त्याखालीं लाल रेघ ओढतील. शुद्धलेखन ही शिकून येणारी व काळाप्रमाणें बदलणारी शिस्त आहे. तें कुलीनतेचें लक्षण नव्हे.

महाराष्ट्रांत २०२२ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन दहांहून कमी कामगारांच्या लहान दुकानांसही देवनागरी मराठी पाटी आवश्यक झाली, व मराठी अक्षरें इतर लिपींतील अक्षरांहून लहान नसावींत असें ठरलें. परंतु कायदा अक्षरांची उंची मोजूं शकतो. वेलांटी सुधारूं शकत नाहीं. तें काम जाणत्यांचें. ज्याच्या घरीं मराठी बोलली जात नाहीं असा दुकानदार पदरचे पैसे खर्चून मराठी अक्षरें रंगवून घेतो, तेव्हां त्याची थट्टा करून पुढें जाण्यांत कसली आली विद्वत्ता? त्यापेक्षां रंग चढण्यापूर्वीं 'विकणे आहे', 'चालू स्थिती', 'मूळ मालक' हे शब्द एका चिठ्ठीवर नीट लिहून द्यावे. गांवोगांवच्या वाचनालयांनीं व शाळांनीं नित्याच्या पन्नास शब्दांची यादी छापून रंगाऱ्यांस वाटली, तर खर्च थोडा व लाभ मोठा होईल. सरकारी फलकांवरील चुकांस मात्र ही सवलत नको. तेथें लिहिणारा शिकलेला असतो, आणि पगारही त्याच कामाचा घेतो.