जवारी आणि गुरगुर

सोयाबीनचे पैसे हातीं येतांच चिरंजीवांनीं आम्हांस मेडशीहून अकोल्यास नेलें. गिटारीसाठीं ‘हाय-गेन’ अँप्लिफायर घ्यावयाचा होता. पहिला सूर ऐकतांच यंत्र बिघडलें आहे असें आम्हांस वाटलें. “बाबा, हा बिघाड नव्हे, हाच त्याचा गुण,” चिरंजीव म्हणाले. तारेचा क्षीण संकेत इतका वाढवावयाचा कीं व्हॉल्व्हला तो पेलूं नये. मग लहरींचे माथे छाटले जातात आणि मुळांत नसलेले उपस्वर उमटतात. १९६२ सालीं लंडनमध्यें जिम मार्शल यांनीं पहिला अँप्लिफायर विकला. पुढें या गुरगुरीचीच चटक जगास लागली.

आम्हांस तंबोरा आठवला. घोडीवर तारेखालीं धागा सरकवून जवारी काढतात, तीहि उपस्वरांचीच श्रीमंती ना? मग आम्ही कान देऊन ऐकूं लागलों. एका यंत्रांत गेन वाढवितां सारे स्वर चिखलासारखे कालवले जात. दुसऱ्यांत तीच गुरगुर, पण प्रत्येक तार निराळी, आंसहि लांब. “याची जवारी खुली आहे,” आम्ही म्हणालों. चिरंजीवांनीं तोच घेतला. तो स्वस्त नव्हता!

रात्रीं आम्ही कित्येक वर्षें खोळींत पडलेला तंबोरा काढला. त्याची जवारी गेली होती.