बेरिंगच्या किनाऱ्यावरचा कुत्रा

आशिया खंडाचा नकाशा समोर घ्या आणि उजव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याकडे बोट न्या. जपान मागे पडतो, कामचाट्काचे द्वीपकल्प मागे पडते, आणि शेवटी जमिनीचे एक टोक अमेरिकेकडे मान लांबवून उभे असलेले दिसते. हा चुकोत्का प्रांत. पलीकडे अलास्का, आणि मध्ये बेरिंगची सामुद्रधुनी. ती सर्वांत अरुंद ठिकाणी सुमारे ८५ किलोमीटर आहे, म्हणजे पुण्याहून साताऱ्यास जाण्यापेक्षाही ते अंतर कमी.

आज आपल्या शहरांतून निळ्या डोळ्यांचा, लांडग्यासारख्या चेहऱ्याचा आणि झुबकेदार शेपटीचा जो केसाळ कुत्रा अधूनमधून दृष्टीस पडतो, त्या सायबेरियन हस्कीचे मूळ स्थान हेच. वाचकहो, असा कुत्रा घरी आणावा म्हणून आपल्या मुलांनी टुमणे लावले असेल, तर पिल्लू पाहावयास जाण्यापूर्वी घटकाभर या किनाऱ्यावर चला. या कुत्र्याच्या ज्या सवयी पुढे घरात जाचक वाटतात, त्यांपैकी बहुतेकींचे कारण येथेच सापडते.

चुकोत्काच्या किनाऱ्यावरील चुक्ची लोक सील आणि वॉलरस यांच्या शिकारीवर जगत. आतल्या ओसाड प्रदेशातील त्यांचे भाऊबंद रेनडिअरचे कळप राखीत. हिवाळ्यात समुद्र गोठला की शिकारीसाठी बर्फावरून दूरदूर जावे लागे. गाडीवरचा भार फारसा नसे. परंतु वाट लांब असे आणि कुत्र्यांना घालावयास अन्न थोडे. बलदंड कुत्रा ओझे अधिक ओढतो, पण खातोही अधिक. तेव्हा चुक्चींनी पिढ्यान्‌पिढ्या निवडीत आणला तो मध्यम बांध्याचा, थोड्या अन्नावर दिवसभर एका चालीने पळणारा कुत्रा. आजही हस्की नराचे वजन २० ते २७ किलो आणि मादीचे १६ ते २३ किलो एवढेच असते. चित्रांत तो मोठा दिसतो तो केसांमुळे. या भागातील हा व्यवसाय किती जुना असावा? सायबेरियाच्या उत्तरेस झोखोव नावाचे बेट आहे. तेथे सापडलेल्या सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याच्या अवशेषांचा जनुकीय अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला, आणि आजच्या गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांशी त्याचे नाते असल्याचे त्यात दिसून आले.

या प्राण्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आत लोकरीसारखा दाट मऊ थर, आणि त्यावर लांब, सरळ, किंचित राठ केसांचा थर. रात्री तो बर्फात खळगा उकरतो, अंगाचे वेटोळे करतो आणि शेपटी नाकावर ओढून घेतो. वर बर्फ पडत राहिले तरी त्याची झोप मोडत नाही. शून्याखाली चाळीस अंशांची थंडी अशा रीतीने निभावून नेणारा हा देह आहे, ही गोष्ट पुढे नागपूरचा विचार करताना ध्यानी असू द्यावी.

आता सामुद्रधुनी ओलांडून अलास्कातील नोम गावी येऊ. १८९८ साली या परिसरात सोने सापडले आणि वर्षा-दोन वर्षांत उघड्या किनाऱ्यावर तंबूंचे शहर उभे राहिले. डिसेंबरात येथे सूर्य जेमतेम चार तास क्षितिजावर असतो. हिवाळ्यात समुद्र गोठल्यावर बोटी बंद. मग टपाल, सामान आणि माणसे यांची ने-आण कुत्र्यांनी ओढलेल्या घसरगाड्यांवरून चाले. १९०८ साली येथे नोम ते कँडल आणि परत अशी ४०८ मैलांची शर्यत सुरू झाली. पुढच्याच वर्षी एका रशियन व्यापाऱ्याने सायबेरियातून आणलेले कुत्रे शर्यतीत उतरविले, तेव्हा त्यांचा लहानखुरा बांधा पाहून नोमकरांनी त्यांची थट्टा केली. १९१० मध्ये जॉन जॉन्सन याने सायबेरियन कुत्र्यांच्या बळावर हीच शर्यत ७४ तासांहून थोड्या अधिक वेळात जिंकली, आणि थट्टा थांबली.

या गावाचे नाव जगभर झाले ते १९२५ सालच्या जानेवारीत. मुलांमध्ये घटसर्पाची साथ पसरू लागली. डॉक्टर कर्टिस वेल्श यांच्यापाशी ताजे प्रतिविष नव्हते, तेव्हा त्यांनी तारेने मदत मागितली. अँकरेजहून आगगाडीने नेनानापर्यंत औषध पोहोचले. तेथून पुढचे ६७४ मैल, म्हणजे सुमारे १,०८५ किलोमीटर, वीस चालकांनी आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी ते हातोहात नेले. वाटेत कडाक्याची थंडी आणि वादळ होते. २ फेब्रुवारीच्या पहाटे गुन्नार कासेन यांची गाडी नोममध्ये शिरली आणि त्यांचा अग्रणी कुत्रा बाल्टो प्रसिद्धी पावला; त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याचा पुतळाही उभा राहिला.

तथापि या प्रवासातील सर्वांत दीर्घ आणि बिकट टप्पा नॉर्वेत जन्मलेल्या लेओनार्ड सेप्पाला यांचा होता. ते नोमहून उलट दिशेने निघाले, वाटेत औषध ताब्यात घेतले, आणि नॉर्टन उपसागराच्या गोठलेल्या पृष्ठावरून वादळात परतले. त्यांची एकूण दौड सुमारे २६४ मैलांची झाली. सर्वांपुढे धावत होता बारा वर्षांचा टोगो.

या टोगोचे बालपण मात्र कुत्रा घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. पिल्लू आजारी आणि खोडकर, म्हणून सेप्पालांनी ते एकाला देऊन टाकले. ते खिडकीची काच फोडून परत आले. पुढे गाडी निघाली की हा कोंडलेल्या जागेतून निसटून मागे धावे आणि जुंपलेल्या कुत्र्यांच्या खोड्या काढी. अखेर आठ महिन्यांच्या टोगोला नाइलाजाने गाडीस जुंपले, तर पहिल्याच दिवशी तो पंचाहत्तर मैल धावला आणि संध्याकाळपर्यंत पुढच्या जागी पोहोचला. खोडकरपणा संपला, कारण काम मिळाले.

आपल्या दोन किंवा तीन खोल्यांच्या घरात येणारे पिल्लू याच टोगोच्या जातकुळीचे आहे. आपल्यापाशी घसरगाडी नाही, गोठलेला समुद्र नाही. त्याच्यापाशी मात्र पाय तेच आहेत. रोज दीड-दोन तासांची कसून धाव मिळाली नाही, तर तो सोफ्याची गादी, दाराची चौकट आणि वहिनींच्या चपला यांवर ती शक्ती खर्च करतो. कुंपणाखालून भुयार काढणे, गच्चीच्या कठड्यावरून झेपावणे, कडी उघडणे, या कलांत तो निष्णात असतो. त्यास मोकळे सोडून ‘ये’ म्हटल्यावर तो येईलच असा भरवसा धरू नये. समोर मांजर किंवा कोंबडी असेल तर मुळीच नाही. येथे त्याला मंदबुद्धी समजणे अन्यायाचे होईल. बर्फ कच्चे असेल तेथे चालकाची आज्ञा न मानणारा अग्रणी कुत्रा उत्तरेत अमोल समजला जातो, आणि स्वतःच्या मताने चालण्याचा तो गुण मुंबईच्या फुटपाथावर गळून पडत नाही.

तो भुंकतो थोडा, पण मान वर करून लांबलचक गळा काढतो. एकटा कोंडला तर विशेषच. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेले बरे. चोरास तो बहुधा शेपूट हलवून सामोरा जाईल, कारण माणसांविषयी त्याच्या मनात परकेपणा थोडा. राखणदारीसाठी कोणी हस्की घेत असेल तर त्याने कुलूप घ्यावे, ते स्वस्त पडते. वर्षातून एकदा-दोनदा आतला थर गळतो, तेव्हा आठवडे दोन आठवडे घरात जणू कापूस पिंजला जातो. आमटीतही केस सापडतात. आयुष्य बारा ते चौदा वर्षांचे, म्हणजे आज तिसरीत असलेल्या ज्या मुलीसाठी आपण तो आणाल, ती कॉलेजसाठी घर सोडून गेल्यावरही त्याला फिरवावयाचे काम आपलेच राहणार.

एवढे सारे पत्करता येईल, उन्हाळ्याचे काय? कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. धापा टाकून तो उष्णता बाहेर टाकतो, आणि हवाच ४४ अंशांची असेल तर धापांचा उपयोग तो काय होणार! दमट किनाऱ्यावर तापमान कमी असूनही तीच अडचण. दिल्लीत आमच्या वसाहतीत चौथ्या मजल्यावर असा एक कुत्रा आहे. जूनमध्ये पहाटे साडेचार वाजता मालक त्याला खाली आणतात आणि सहापूर्वी परत नेतात. उरलेला दिवस तो वातानुकूलित खोलीत फरशीवर पोट टेकून पडलेला असतो. मालकांच्या वृद्ध आई एकदा म्हणाल्या, “उन्हाळ्यात वीज गेली की आधी याला कोठे न्यावे ते पाहतो, मग आमचा विचार.” हे कुटुंब प्रेमळ आहे, सधनही आहे. तरीही वर्षाचे चार-पाच महिने ज्याने धावावयाचे तो कैदेत असतो, आणि माझ्या मते नागपूर, हैदराबाद, अहमदाबाद वा चेन्नई येथे नवा हस्की आणू नये. ज्यांचे वास्तव्य सिमला-मनालीसारख्या ठिकाणी आहे आणि ज्यांना स्वतःला रोज पायपीट करण्याची हौस आहे, त्यांचा प्रश्न वेगळा.

रूपावर भाळून घेतलेल्या कुत्र्यांचे काय होते, हे इतरत्रही दिसले आहे. २०११ साली सुरू झालेल्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या दूरचित्रवाणी मालिकेत अजस्र लांडगे दाखविले होते. ते पाहून लोकांनी हस्की घेतले आणि पुष्कळांनी पुढे टाकून दिले. अखेर त्याच मालिकेतील अभिनेते पीटर डिंकलेज यांना २०१७ मध्ये असे करू नका म्हणून प्रेक्षकांना आवाहन करावे लागले. मुलांना पांढरा, केसाळ सोबतीच हवा असेल तर आपल्याकडे रुळलेला इंडियन स्पिट्झ आहे. १९९४ सालच्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातील टफी आठवतो ना? तोच. त्यासही उन्हाची काळजी घ्यावीच लागते, परंतु आपल्या हवेत तो हस्कीपेक्षा पुष्कळ बरा निभावतो.

ज्यांच्या घरी हस्की आधीच आहे, त्यांनी उन्हाळा आला म्हणून त्याचे केस मुळापासून कापू नयेत. वरचा थर त्वचेचे उन्हापासून रक्षण करतो, आणि कापल्यावर तो पूर्वीसारखा येईलच असे नाही. आतले गळते केस मात्र विंचरून काढावेत. डांबरी रस्त्यावर आपला तळहात काही क्षण टेकवून पाहावा. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही नाही. दूध-पोळीवर त्याचे पोषण होईल ही समजूत सोडावी. धाप थांबत नाही, लाळ चिकट आणि हिरड्या गडद लाल झाल्या आहेत, चालताना तोल जातो आहे, असे दिसले की त्याला ताबडतोब सावलीत घ्यावे, अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, पंखा लावावा, आणि मग विलंब न लावता पशुवैद्याकडे न्यावे.

आणि ज्यांना हा कुत्रा केवळ पाहावयाचा आहे, त्यांच्यासाठी मार्च महिना आहे. १९७३ पासून अँकरेजच्या बाजूने निघून सुमारे हजार मैल धावत नोमला येणारी इडिटारोड ही शर्यत तेव्हा असते. गाड्या ओढणारे बहुतेक कुत्रे आता शुद्ध सायबेरियन नसून अलास्कातील मिश्र जातीचे असतात. तथापि शुद्ध हस्कींचे संचही अधूनमधून दिसतात. नोमला राज्याच्या इतर भागांशी जोडणारा रस्ता आजही नाही, विमानानेच जावे लागते. गाडी जवळ आली की गावात भोंगा वाजतो, मग मध्यरात्र असो वा पहाट, आणि अंगावर मिळेल ते पांघरून लोक मुख्य रस्त्यावर जमतात. तेथे टांगलेला एक कंदील शेवटची गाडी पोहोचेपर्यंत तेवत ठेवतात.