बिनबटणांचा मिक्सर आणि विकतचं ॲप

डिजिटल मिक्सर टॅबलेटवरून चालवण्यासाठी वेगळं ॲप विकत घ्यावं, की कंपनीने दिलेलं फुकटचं पुरे? नागपूरच्या मनीषनगरातल्या आमच्या भजनी मंडळापुढे हा प्रश्न गणपतीच्या आधी आला आणि उत्तर शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत गणित शिकवते. मंडळात टाळ वाजवते. आवाजाच्या कामाशी तोवर माझा एवढाच संबंध होता.

पूर्वी आमचा साऊंड बिछायत केंद्रातूनच यायचा. मांडव, खुर्च्या, सतरंज्या, दोन मोठे बॉक्स, आणि लांबलचक मिक्सरवर वाकून बसलेले एक दादा. पुढे सोसायटीतल्या एका कुटुंबाने मंडळाला देणगी दिली आणि तिच्यातून बेहरिंगरचा एक्सआर १८ हा मिक्सर घेतला गेला. ज्या मुलाने तो लावून दिला, त्याला पुण्यात नोकरी लागली. जाताना तो पेटी आणि मंडळाचा अँड्रॉइड टॅबलेट माझ्या घरी ठेवून गेला. कारण एकच : मंडळात कॉम्प्युटर रोज हाताळणारी मी होते.

पेटी उघडली आणि मला काही सुचेना. मिक्सर म्हणून जे डोळ्यांपुढे असतं, त्यातलं तिच्यावर काहीच नाही. सोळा माईकच्या जागा, स्टेजवरच्या मॉनिटरसाठी (कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या बॉक्ससाठी) सहा आऊटपुट, मुख्य डावा-उजवा आऊटपुट आणि हेडफोनचं एक बटण. वरखाली करायचा एकही फेडर नाही. सगळं टॅबलेटवर. म्हणजे ॲप ही इथे जोडीला मिळालेली सोय नाही, ॲप नसेल तर पेटीला हातच लावता येत नाही. विकतचं की फुकटचं, हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का, ते मला त्या दिवशी कळलं.

पहिली अडचण जोडणीचीच. पेटीवर तीन जागी सरकणारा एक छोटा खटका आहे : इथरनेट, वायफाय क्लायंट आणि ॲक्सेस पॉइंट. तिसऱ्या जागी ठेवला की पेटी स्वतःचं वायफाय तयार करते. टॅबलेट त्याला जोडला आणि लगेच सूचना आली की या वायफायला इंटरनेट नाही. ते तर नसणारच! पेटीला इंटरनेट लागत नाही. पण फोन आणि टॅबलेट हे जाणत नाहीत. इंटरनेट दिसलं नाही की मोबाइल डेटाकडे किंवा घरच्या वायफायकडे पळतात. यावर उपाय साधा आहे : आधी फ्लाइट मोड लावायचा, मग फक्त वायफाय चालू करायचं आणि सूचना आली की याच नेटवर्कवर राहायचं असं सांगायचं. तेव्हापासून टॅबलेट जागचा हलला नाही.

मनात खरी धास्ती होती ती वेगळीच. ऐन अभंगात टॅबलेट बंद पडला तर? तालमीच्या वेळी मी मुद्दाम वायफाय बंद करून पाहिलं. हार्मोनियम वाजत होती, गायिका गात होत्या, आणि आवाज जसाच्या तसा सुरू राहिला. टीव्हीचा रिमोट हातातून गेला म्हणून टीव्ही बंद होत नाही, तसंच हे. आवाजावरची सगळी प्रक्रिया पेटीच्या आत होते. टॅबलेट फक्त हुकूम पाठवतो. तुटलेली जोडणी पुन्हा जुळेपर्यंत बदल करता येत नाही, एवढंच नुकसान. धीर आला तो इथून.

मग हुकूम म्हणजे नेमकं काय जातं, हे समजून घ्यावंसं वाटलं. बेहरिंगरने या पेट्यांची संदेशांची भाषा जाहीर केलेली आहे. ओपन साऊंड कंट्रोल नावाच्या पद्धतीने छोटे छोटे संदेश नेटवर्कवरून जातात. मी पहिल्या चॅनलचा फेडर सरकवला की टॅबलेट पेटीला सांगतो : चॅनल एक, मिक्स, फेडर, आणि पुढे शून्य ते एक यांच्यामधला एक आकडा. आकडा ०.७५ असेल तर फेडर शून्य डेसिबलवर असतो. १ म्हणजे अधिक १० डेसिबल. ० म्हणजे आवाज पूर्ण बंद. पट्टीवर शून्य सगळ्यात खाली नसून पाऊण उंचीवर का लिहिलेलं असतं, हे कोडंही यातून सुटलं. त्या शून्याचा अर्थ, आवाज जसा आला तसाच पुढे सोडणे. शिवाय पेटीतले बदल आपल्यालाही कळत राहावेत म्हणून ॲप दर दहा सेकंदांच्या आत पेटीला आपली आठवण करून देत राहतं. त्यामुळे दोन टॅबलेट लावले तरी एकावर सरकवलेला फेडर दुसऱ्यावरही सरकलेला दिसतो.

ही माहिती मिळाल्यावर पैशाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हाती आलं. फुकटच्या ॲपने पाठवलेला ०.७५ आणि विकतच्या ॲपने पाठवलेला ०.७५ यांत काडीचाही फरक नाही. पेटी तीच, माईक तेच, बॉक्स तेच. विकतच्या ॲपने आवाज सुधारतो असं कोणी म्हणत असेल, तर ते खरं नाही. मी हे मंडळाच्या बैठकीत सांगितलं तेव्हा खजिनदार काका म्हणाले, "मॅडम, कंपनी फुकट देऊन राहिली, आवाज बी तोच, मग आपण कायले पैसे द्यायचे?" प्रश्न रास्त होता. मंडळाचा पैसा वर्गणीचा असतो.

फुकटचं ॲप म्हणजे कामचलाऊ, अशीही समजूत नको. बेहरिंगरचं एक्स एअर ॲप अँड्रॉइड, आयपॅड आणि कॉम्प्युटर, तिन्हींवर चालतं आणि पेटीतलं जवळजवळ सगळं त्यातून हाताळता येतं. साऊंडक्राफ्टच्या यूआय मालिकेला तर ॲपच लागत नाही. ब्राउझर उघडला की मिक्सर समोर. यामाहाच्या स्टेजमिक्सला पैसे पडत नाहीत, आणि कलाकाराने आपापला मॉनिटर स्वतः लावावा यासाठी त्यांचं मॉनिटरमिक्स आहे, तेही फुकट. आमचे सुरुवातीचे कार्यक्रम मी फुकटच्या ॲपवरच केले आणि ते नीट पार पडले. गेन म्हणजे माईकमधून किती आवाज आत घ्यायचा, फेडर म्हणजे आत आलेल्यातला किती पुढे सोडायचा, हे मी तिथेच शिकले.

तालमीत एकदा माईकने सीटी मारायला सुरुवात केली. गायिकेच्या मॉनिटरचं तोंड सरळ तिच्या माईककडे होतं. मॉनिटर थोडा वळवला, मग इक्वलायझरच्या पडद्यावर पाहिलं तर अडीच हजार हर्ट्झच्या आसपास एक काडी ताठ उभी. तेवढीच जागा तीन डेसिबलने खाली घेतली आणि सीटी थांबली. ध्वनीचा तो नाचता आलेख पेटीतच तयार होतो, त्यामुळे त्यासाठी पैसे मोजायची गरज नाही.

मग मी विकतचं ॲप का घेतलं? कारण ठरले आमचे तबलावादक काका. दर कार्यक्रमात त्यांची एकच तक्रार : "ताई, मला माझाच तबला ऐकू येऊन नाही राहिला." मी तबला वाढवायचे, की शेजारी बसलेल्या हार्मोनियमवाल्या काकू म्हणायच्या, आता हार्मोनियम दबली. मी मांडवाच्या मागच्या टोकाला, ते स्टेजवर. हातवारे करून किती वाढवायचं हे कळणार कसं? प्रेक्षकांना काय ऐकू येतं याकडे लक्ष द्यावं, की स्टेजवर कोणाला काय हवं याकडे, यातच माझा सगळा वेळ जायचा.

एका जाणत्या साऊंडवाल्या दादांनी मिक्सिंग स्टेशन हे ॲप सुचवलं. जर्मनीतल्या डेव्हिड शूमान यांनी ते तयार केलं आहे. मिक्सर जवळ नसतानाही ते उघडून पाहता येतं, म्हणून घरी बसून सरावता आलं. आणि त्यात मला हवी ती गोष्ट सापडली. एखाद्या फोनवर कोणत्या मिक्सला हात लावता येईल, हे आधीच ठरवून देता येतं. काकांच्या जुन्या फोनवर मी फक्त त्यांच्या मॉनिटरचा मिक्स ठेवला. स्क्रीनवर मोजके फेडर : तबला, डग्गा, हार्मोनियम, मुख्य गायिका, कोरस. प्रत्येकाचं नाव मराठीत सांगून दाखवलं. त्यांनी काहीही सरकवलं तरी मांडवातल्या लोकांच्या आवाजाला धक्का लागत नाही, कारण मुख्य मिक्स त्यांच्या फोनवर नाहीच. काकांनी तबला थोडा वर घेतला, कोरस खाली आणला, दोन-चार बोल वाजवून पाहिले आणि मान डोलावली. त्या कार्यक्रमात मी पहिल्यांदा शेवटपर्यंत प्रेक्षकांत बसून ऐकू शकले.

दुसरा फायदा स्क्रीनच्या मांडणीचा. पेटीत सोळा माईकची सोय, पण आम्ही कार्यक्रमानुसार निम्मेच वापरतो, आणि तेही कॉर्ड जिथे पोचेल त्या क्रमाने. विकतच्या ॲपमध्ये चॅनल मला हव्या त्या क्रमाने मांडता येतात : आधी गायिका, मग हार्मोनियम, तबला, पखवाज, टाळ आणि शेवटी सूत्रसंचालनाचा माईक. स्टेजवर माणसं डावीकडून उजवीकडे जशी बसतात, तशीच स्क्रीनवर. ज्याचा माईक हवा, तिकडे बोट आपोआप जातं. सगळा कोरस एका फेडरवर बांधला आहे. याचा उपयोग वेळ पाळतानाही होतो. निवासी भागात रात्री १० नंतर सहसा ध्वनिक्षेपक चालत नाही. आरतीला दहाला दहा कमी असताना काय आधी बंद करायचं, ते शोधत बसावं लागत नाही.

शिवाय हे एकच ॲप अनेक कंपन्यांच्या मिक्सरना चालतं. मला याचा उपयोग नाही, आमची पेटी एकच. पण त्या दादांसारख्यांना आज एका सभागृहात बेहरिंगर भेटतो, उद्या दुसरीकडे ॲलन अँड हीथ. त्यांना सगळीकडे आपल्या सवयीचाच पडदा मिळतो. रोजच्या पोटापाण्याच्या कामात या गोष्टीचं मोल मोठं आहे.

तरीही खजिनदार काकांना मी सांगितलेला क्रम वेगळा होता : आधी राऊटर, मग ॲप. पेटीच्या स्वतःच्या वायफायवर एकावेळी चारच उपकरणं जोडता येतात. माझा टॅबलेट, हाताशी राखीव फोन, तबलावाले काका, गायिका, झालं! त्यातही ते वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, आणि आरतीला जमलेल्या प्रत्येकाच्या खिशातला फोन आणि आजूबाजूच्या फ्लॅटमधले राऊटर त्याच पट्ट्यात गर्दी करतात. मनीषनगरात बेसा रोडला लागून इमारती दाट झाल्या आहेत. कोणत्याही गल्लीत वायफायची यादी उघडा, बोटाने सरकवत बसावं लागतं. माणसाचं शरीरही या लहरी अडवतं. म्हणून आम्ही ५ गिगाहर्ट्झचा साधा राऊटर घेतला, केबलने पेटीला जोडला आणि स्टेजच्या बाजूला माणसाच्या डोक्याहून उंच बांधला. लाईट गेली तर म्हणून पेटी आणि राऊटर छोट्या यूपीएसवर घेतले. हे नसेल तर कितीही महागडं ॲप असो, त्याचा हुकूम पेटीपर्यंत पोचणारच नाही.

नागपूरच्या उन्हाचाही विचार करावा लागतो. ॲपल आयपॅडसाठी ३५ अंशांपर्यंतचं तापमान योग्य मानतं, आणि आपल्याकडे रामनवमी-हनुमान जयंतीच्या सुमाराला दुपार चाळीशी गाठते. अँड्रॉइड टॅबलेटही तापतोच. तो सावलीत ठेवायचा, जाड कव्हर काढायचं, आणि दुसऱ्या फोनवर ॲप तयार ठेवायचं.

पैसे देण्याचं आणखी एक कारण मला अभ्यास करताना पटलं. मिक्सरची पेटी नीट वापरली तर दहा वर्षं चालते, टॅबलेट मात्र त्याआधीच जुना होतो. मॅकीने २०१२ मध्ये आयपॅड आत बसवायचा डीएल १६०८ हा मिक्सर आणला, आणि त्याच वर्षी ॲपलने आयपॅडचा जोड बदलला. नव्या आयपॅडसाठी मिक्सरची नवी आवृत्ती काढावी लागली. आमच्या पेटीत टॅबलेट बसत नाही, पण अवलंबून ती त्याच्यावरच आहे. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीबरोबर ॲप कोणी तरी जुळवून घेत राहिलं, तरच पेटी उपयोगाची. ते काम करणाऱ्या माणसाला मोबदला मिळावा, हे मला योग्य वाटतं. आम्ही पखवाजवादकाला मानधन देतो, मांडववाल्याला भाडं देतो. मग ज्याच्या कामावर सगळा कार्यक्रम उभा आहे, त्याला का नाही? आणि रक्कम तरी केवढी? शुअरच्या एका एसएम ५८ माईकच्या किमतीपुढे ती फार लहान आहे.

आता कोणी भजनी मंडळ किंवा गणेश मंडळ मला विचारतं, तेव्हा मी असं सांगते. एकच माणूस मिक्सर चालवणार असेल, माईक चार-सहा असतील आणि मॉनिटरची कटकट नसेल, तर कंपनीचं फुकटचं ॲप घ्या आणि पैसे राऊटरवर, चांगल्या कॉर्डवर आणि स्टॅण्डवर घाला. स्टेजवरच्या वादकांना आपापला मॉनिटर हातात द्यायचा असेल, चॅनल जास्त असतील, किंवा वेगवेगळ्या मिक्सरवर काम करावं लागत असेल, तर विकतचं ॲप घ्या. घेण्याआधी आपल्या मिक्सरची मालिका त्यात बसते का आणि खरेदी कोणत्या उपकरणांवर चालेल, हे पाहा. खरेदी मंडळाच्या खात्यावरून करा, कोण्या एका मुलाच्या खासगी खात्यावरून नको, कारण मुलं नोकरीला बाहेरगावी जातात. आणि ॲप कोणतंही घ्या, ते चालवायला किमान दोन माणसं शिकवा. आमच्याकडे दुसरं माणूस म्हणून हार्मोनियमवाल्या काकूंच्या सुनेने नाव दिलं आहे.