नोट्स भिंतीवर, आळ तिच्यावर

पीएचडीचा खुला व्हायवा होता. मार्गदर्शक, बाहेरगावचे परीक्षक, अध्यक्ष, मागे एम.ए.ची मुलं. स्वतःचा लॅपटॉप जोडायची परवानगी नव्हती. पेन ड्राइव्ह हॉलच्याच कॉम्प्युटरला लावायचा. तिनं एफ-५ दाबलं. समोरच्या मॉनिटरवर स्लाइड पूर्ण आकारात आली, नोट्स मात्र दिसेनात. मग ती तशीच बोलू लागली.

नोट्स तिच्या पाठीमागे भिंतीवर होत्या.

डावीकडे चालू स्लाइड, तिच्या वर पळतं घड्याळ, उजवीकडे पुढची स्लाइड आणि खाली तिनं स्वतःसाठी मराठीत लिहिलेलं : ‘इथे थांब. पाणी पी. आकडे सावकाश सांग.’ मुलं हसली. का हसली, तिला कळेना. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, ‘‘मॅडम, वाचूनच दाखवायचं होतं, तर प्रबंध आहेच की आमच्याकडे.’’

मी मागच्या रांगेत होते. ते वाक्य आजही डोक्यातून जात नाही. कारण त्या हॉलमध्ये नोट्स न दिसणारी ती एकटीच होती! पडद्याकडे तिची पाठ होती. नोट्स मराठीत, बोलणं इंग्रजीत, आणि तेही सगळं आठवणीतून. वाचत होते ते समोर बसलेले. आळ आला तिच्यावर.

झालं होतं ते अगदी साधं. दोन पडदे जोडलेले असले की पॉवरपॉइंट सहसा मुख्य डिस्प्लेवर वक्त्याच्या नोट्स ठेवतं आणि दुसऱ्यावर स्लाइड पाठवतं. २०१३च्या आवृत्तीपासून दुसरा पडदा दिसताच ही सोय आपोआप सुरू होते. हॉलच्या कॉम्प्युटरवर कुणीतरी प्रोजेक्टरलाच मुख्य डिस्प्ले करून ठेवलं होतं. नोट्सच्या वरच्या पट्टीत ‘डिस्प्ले सेटिंग्ज’मध्ये पडद्यांची अदलाबदल करता येते. पण ती पट्टीही भिंतीवरच होती, आणि तिनं मागे वळून पाहावं असं कुणीच सुचवलं नाही.

विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडलं, तर नोट्स बाहेर दिसत नाहीत. वक्त्यालाही दिसत नाहीत. बोलता बोलता नुसतं बी दाबलं, तर स्लाइड काळी होते. उमेदवाराला हे माहीत असावं, हे खरं. पण सभेआधी थोडा वेळ हॉल उघडून दिला नाही, तर ते तपासायचं कधी? व्हायवाच्या पत्रात तारीख असते, वेळ असते. तिथेच ‘अर्धा तास आधी यंत्र तपासून घ्या’ ही ओळ छापायला काय हरकत आहे?

त्या दिवशी वाटलं होतं, ही सोयच नको. कागदावरची टिपणं बरी. आता तसं म्हणवत नाही. मराठीत विचार करून इंग्रजीत मांडणाऱ्या मुलांना समोरच्या त्या चार ओळींचा मोठा आधार असतो.

तिला पदवी मिळाली. अध्यक्षांचा तो शेरा मात्र विभागात अजून किस्सा म्हणून सांगतात. नोट्स नक्की कुणाला दिसत होत्या, एवढंच त्यातून गाळतात.